घरगुती एसीपासून भाजीपाल्यासाठी लहान शीतखोली

काढणीनंतरही भाजीपाल्याचे श्वसन चालूच असते. तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले की श्वसनाचा वेग साधारणपणे दोन ते तीन पट होतो. त्यामुळे सकाळी काढलेली मेथी-कोथिंबीर संध्याकाळपर्यंत मलूल होते व मिळेल त्या भावाने द्यावी लागते. मोठे शीतगृह लहान शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेर असते. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील न्यू पॉल्ट्झ येथे भाजीपाला पिकविणारे रॉन खोसला यांनी यावर तोड काढली. खिडकीत बसविण्याच्या साध्या एसीकडून शीतगृहाचे काम करून घेणाऱ्या त्यांच्या साधनास ‘कूलबॉट’ म्हणतात.

हे काम कसे चालते?

घरगुती एसी माणसाच्या सोयीसाठी बनविलेला असतो. खोली १६ ते १८ अंशांपर्यंत थंड झाली की त्यातील संवेदक इशारा देतो व कॉम्प्रेसर बंद पडतो. कूलबॉटमधील छोटा तापक या संवेदकास किंचित ऊब देतो. खोली अजून गरमच आहे असा समज होऊन कॉम्प्रेसर चालू राहतो. परंतु तो सतत चालल्यास एसीच्या आतील पातळ पात्यांवर बर्फ साचून हवा अडते. म्हणून पात्यांमध्ये दुसरा संवेदक खोचलेला असतो. बर्फ धरू लागताच तापक बंद होतो, कॉम्प्रेसर थांबतो आणि पंख्याच्या वाऱ्याने बर्फ वितळतो. तिसरा संवेदक खोलीचे तापमान पाहतो. अशा रीतीने खोली सुमारे ३ ते ४ अंशांपर्यंत थंड ठेवता येते.

खोली कशी असावी?

या बदलाने एसीची ताकद वाढत नाही. म्हणून भिंती, छत व जमीन यांना सुमारे चार इंच जाडीचे उष्णतारोधक फोम बसवावे, फटी बुजवाव्यात आणि दार घट्ट बसणारे असावे. एसीची गरम हवा बाहेर मोकळी जावी. माल सकाळी लवकर काढून सावलीत निववावा व थोडा थोडा आत ठेवावा. एकदम खूप गरम माल भरल्यास खोली वेळेत थंड होत नाही.

कोणता माल ठेवावा?

पालेभाज्या, कोबी, फ्लॉवर, गाजर यांना कमी तापमान मानवते. केळी १३ ते १४ अंशांखाली ठेवल्यास साल काळी पडते. आंबा, हिरवे टोमॅटो, काकडी यांनाही अतिथंडीने इजा होते. ही इजा पुष्कळदा माल बाहेर काढल्यावरच दिसते व तोवर नुकसान झालेले असते. पिकणारी फळे व पालेभाज्या एकत्र ठेवू नयेत. फळांतील इथिलीन वायूमुळे पाने पिवळी पडतात.

दक्षता

जोडणी जाणकार वायरमनकडूनच करून घ्यावी व अर्थिंग तपासावे. एसी उघडल्यास कंपनीची हमी रद्द होऊ शकते, हे आधी पाहून घ्यावे. भारनियमन असलेल्या भागात वीज किती तास मिळते याचा हिशेब करूनच खर्च करावा. वीज नसताना दार उघडू नये.