रुईवरचे पाहुणे

श्रावणांत बालाघाटच्या रांगा हिरव्या झाल्या म्हणजे बीड जिल्ह्याचें एरवींचें रूक्ष रूप पालटतें. पाटोदा तालुक्यांतील नायगांवचें मयूर अभयारण्य १९९४ सालीं मोरांसाठीं राखण्यांत आलें. परंतु मोरांच्या मागें लागलेल्या प्रवाशाचें लक्ष वाटेच्या कडेच्या रुईकडे क्वचितच जातें. फुलपाखरांचीं छायाचित्रें घेऊं इच्छिणारानें आपला पहिला मुक्काम तेथेंच करावा, असें आम्हांस वाटतें.

येथें हमखास भेटणारें फुलपाखरूं म्हणजे बिबळ्या कडवा. नारिंगी पंख, काळी किनार आणि तींत पांढरे ठिपके. त्याची अळी रुईचीं पानें खाते व त्यांतील विष अंगांत सांठविते. म्हणून एकदां चव घेतलेला पक्षी सहसा पुन्हां त्याच्या वाटेस जात नाहीं. कौतुक असें कीं, घोळीच्या भाजीवर वाढणाऱ्या एका निर्विष जातीची मादी जवळजवळ हाच वेष धारण करून आपला जीव वांचविते!

छायाचित्रास सकाळची वेळ उत्तम. उडण्यापुरती ऊब फुलपाखराला उन्हांतून मिळवावी लागते; त्यामुळें तें पंख पसरून स्वस्थ बसतें. आपली सावली त्याच्यावर पडूं न देतां हळूहळू जवळ जावें व भिंग पंखांच्या पातळीशीं समांतर धरावें, म्हणजे दोन्ही पंख स्पष्ट उमटतात. एकदां आमच्या आधीं आमची सावलीच पुढें गेली, आणि तासाभराची तपश्चर्या वायां गेली!

हा खटाटोप टाळण्यासाठीं फुलपाखरूं पकडून, गारठवून फुलावर बसविणारेहि आढळतात. असें चित्र सुरेख दिसतें, पण तें त्या जिवाच्या जगण्याचें चित्र नव्हे. रिकाम्या हातानें परतणें त्याहून बरें.

महाराष्ट्रानें २०१५ सालीं राणी पाकोळीस राज्याचें फुलपाखरूं ठरविलें, ही अभिमानाची गोष्ट होय. परंतु एकीचा सन्मान करावयाचा आणि दुसरीचें घर असलेली रुई बांधावरून खणून जाळावयाची, हें विसंगत आहे. शनिवारीं मारुतीला रुईची माळ वाहणाऱ्या घरांना हें अधिक सांगणें नलगे. परसांतील कढीलिंबावर हिरवी अळी दिसली, तर औषध फवारण्याऐवजीं मुलांना हाक मारावी. चार पानें गेल्यानें घरची आमटी अळणी होत नाहीं.