टँगोची गाणी एवढी रडकी का असतात?

परवा डान्स क्लासमध्ये एकीने विचारलं, "टँगो नाचताना सगळे इतके गंभीर का दिसतात?" म्हटलं, जरा शब्द ऐक!

सुरुवातीचा टँगो खट्याळ, थोडा चावटही होता. 1917 मध्ये गायक कार्लोस गार्देलने 'मी नोचे त्रिस्ते' रेकॉर्ड केलं आणि चित्र पालटलं. सामुएल कास्त्रिओताच्या तयार चालीवर पास्कुआल कोन्तुर्सीने शब्द बसवले होते.

गोष्ट साधी. ती सोडून गेलीय, तो खोलीत एकटा. पण तपशील बघा: ती असल्यासारखाच तो 'माते' या तिकडच्या चहासारख्या पेयाबरोबर खायला बिस्किटं आणतो. रात्री दार लावत नाही, न जाणो, आली तर! गिटार कपाटात पडून आहे.

मग अशा गाण्यांची रांगच लागली. टँगोच्या गावी, ब्युनोस आयर्समध्ये, तेव्हा घरदार मागे टाकून आलेले युरोपीय पुरुष खूप होते. विरह त्यांना शिकवावा लागत नव्हता. (दोष मात्र बहुतेकदा 'तिच्या'च माथी. हे मला खटकतं.)

माझं लाडकं गाणं गार्देलचंच, 1935 चं 'व्होल्वेर', शब्द आल्फ्रेदो ले पेराचे. बऱ्याच वर्षांनी परतणारा माणूस, कानशिलं पिकलेली, जुन्या प्रेमाच्या आठवणींना घाबरलेला. इथे तक्रार नाही, नुसती हुरहुर. त्याच वर्षी कोलंबियातल्या मेदेयीनला विमान अपघातात गार्देल आणि ले पेरा दोघेही गेले.

ऐकायला कुठून सुरुवात करू, असं वाटत असेल तर कमेंटमध्ये विचारा. यादी देतो.