पहिलीतून थेट चौथीत!

पहिली उत्तीर्ण झालेल्या मुलाला दुसरी-तिसरी वगळून एकदम चौथीच्या वर्गात नेऊन बसवले, तर त्याची काय अवस्था होईल? अमेरिकेतील एका मोटारीच्या इंजिनावर नेमका हाच प्रसंग येत असे. ही मोटार म्हणजे शेव्हरोले कंपनीची कॉर्व्हेट. वेगाच्या शौकिनांची ही आवडती गाडी. १९८९ साली तिला हाताने बदलायचे सहा गिअर मिळाले. पण चालकाने पहिल्या गिअरमधून दुसरा टाकण्यासाठी दांडा मागे ओढला, की काही वेळा तो दुसऱ्यात न जाता थेट चौथ्यात जाऊन बसे! गाडी बिघडलेली नसे. कारखान्यातच तिची तशी रचना केलेली असे.

असे का बरे केले असेल? आणि पुष्कळ मालकांनी ही सक्ती एवढ्याशा रोधकाने कशी मोडून काढली? चला, पाहू या.

तेलटंचाई आणि कर

१९७३ साली अरब देशांनी अमेरिकेचा तेलपुरवठा रोखला. पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. त्यानंतर अमेरिकेने पेट्रोल वाचवण्यासाठी कायदे केले. त्यांपैकी १९७८ च्या कायद्याने पेट्रोल फार पिणाऱ्या मोटारींवर खास कर बसवला. एका गॅलनमध्ये २२.५ मैलांपेक्षा, म्हणजे एका लिटरमध्ये सुमारे ९.६ किलोमीटरपेक्षा कमी धावणारी गाडी पुढे या कराच्या कक्षेत येऊ लागली. १९९१ पासून या कराची रक्कम १००० ते ७७०० डॉलर अशी ठरली.

गाडी किती धावते, हे ठरवतात प्रयोगशाळेत. तिची चाके रुळांवर ठेवून जागच्या जागी फिरवतात आणि चालक ठरवून दिलेल्या क्रमाने वेग कमीजास्त करतो. शहरी वाहतुकीचा मूळ क्रम लॉस एंजेलिसमधील रहदारीवरून बसवलेला आहे. त्यात सुमारे १२ किलोमीटर अंतर १३७२ सेकंदांत कापायचे असते. सरासरी वेग पडतो ताशी साडेएकतीस किलोमीटर. मध्ये अनेकदा थांबायचे आणि पुन्हा निघायचे. दर वेळी निघताना गिअर बदलणे आलेच. तिथे लवकर वरचा गिअर पडला तर पेट्रोल वाचते.

वरच्या गिअरमध्ये पेट्रोल का वाचते?

थोडे गणित करू. १९९७ ते २००४ या काळातील कॉर्व्हेटचे मागचे चाक एका फेऱ्यात सुमारे २.१३ मीटर पुढे जाते. ताशी ३० किलोमीटर वेग म्हणजे मिनिटाला ५०० मीटर. म्हणून चाकाचे मिनिटाला सुमारे २३५ फेरे होतात. मागच्या आसावरील दंतचक्रांचे गुणोत्तर ३.४२ आहे. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या गिअरची गुणोत्तरे अनुक्रमे २.६६, १.७८ आणि १.०० आहेत. गुणाकार केला की इंजिनाचे फेरे मिळतात: पहिल्यात सुमारे २१००, दुसऱ्यात १४०० आणि चौथ्यात अवघे ८००.

इंजिनाच्या प्रत्येक फेऱ्यात दट्ट्या, कड्या आणि धारवे यांच्या घर्षणात काही ऊर्जा वाया जाते. फेरे कमी, तर हा तोटा कमी. दुसरे कारण अधिक मजेदार आहे. हळू चालताना इंजिनाकडे हवा नेणारी झडप जेमतेम उघडी असते. अरुंद नळीने घट्ट लस्सी ओढून पाहा, गाल दुखतात. इंजिनालाही तसेच हवा ओढण्याचे कष्ट पडतात आणि त्यात पेट्रोल खर्च होते. तेवढीच शक्ती कमी फेऱ्यांत द्यायची, तर झडप जास्त उघडावी लागते. नळी रुंद होते, कष्ट वाचतात.

दांड्याला अडवणारा विद्युतचुंबक

आता प्रश्न असा, की चालक एवढ्या लवकर चौथा गिअर टाकील याची हमी काय? म्हणून गाडीच्या संगणकावरच हे काम सोपवले. पुढे आलेल्या नमुन्यांत तीन अटी असत: इंजिन चांगले तापलेले, वेग ताशी २४ ते ३१ किलोमीटरच्या दरम्यान आणि ॲक्सिलरेटर अगदी हलका दाबलेला. तिन्ही जुळल्या की संगणक एका नालकुंतलात, म्हणजे तारेच्या वेटोळ्यात, विद्युतप्रवाह सोडी. वेटोळे चुंबक बने आणि दुसऱ्या गिअरची वाट अडवी. दुसरा आणि चौथा गिअर शेजारी-शेजारीच असल्यामुळे मागे ओढलेला दांडा सरकून चौथ्यात जाई. समोर एक दिवाही लागे: ‘१ वरून ४’!

परीक्षेत या युक्तीचा फायदा झाला आणि कॉर्व्हेट करातून सुटली. रस्त्यावर मात्र चालक वैतागले. शक्ती म्हणजे पीळ देण्याचे बल गुणिले फिरण्याचा वेग. ८०० फेऱ्यांवर इंजिन जवळजवळ विश्रांतीच्या चालीत असते. तेथून ते जोर कोठून आणणार? चौकातून वळून भरधाव रहदारीत शिरताना ऐनवेळी गाडी रेंगाळली, तर ते धोक्याचेही ठरते.

ओहमचा नियम मदतीला

सर्वांत सोपा उपाय फुकटचा होता. ॲक्सिलरेटर जरा जास्त दाबायचा किंवा वेग ३१ च्या वर गेल्यावर गिअर बदलायचा. अट मोडली की वाट मोकळी. पण अनेकांना कायमची सुटका हवी होती.

मग वेटोळ्याची तारच काढून टाकली तर? दांडा मोकळा होई, पण संगणक हुशार! वेटोळ्याचे एक टोक १२ व्होल्टच्या पुरवठ्याला जोडलेले, तर दुसरे संगणकाला. संगणक दुसऱ्या टोकावर विद्युतदाब आहे की नाही ते तपासत असतो. तार काढली की दाब नाहीसा होतो आणि बिघाडाचा दिवा पेटतो.

म्हणून वेटोळ्याच्या जागी एक छोटा रोधक जोडतात. समजा, त्याचा रोध २२०० ओहम आहे. संगणकातील कळ बंद असताना प्रवाह जवळजवळ शून्य असतो. प्रवाह शून्य, म्हणून रोधकात दाबाची घटही शून्य. संगणकाला पूर्ण १२ व्होल्ट दिसतात आणि सारे आलबेल वाटते. कळ चालू झाली तरी १२ भागिले २२००, म्हणजे सुमारे साडेपाच मिलिॲम्पिअर एवढाच प्रवाह वाहतो. दांडा अडवणारे वेटोळे मात्र मंडलाच्या बाहेर, निपचित! हे तयार जोड बाजारात उघड विकले जातात.

जिंकले कोण?

कागदावर गाडी करमुक्त झाली, मालकाच्या हाती दुसरा गिअर आला. पण परीक्षेत वाचलेले पेट्रोल रस्त्यावर वाचले का? ज्या गाडीत रोधक बसला, त्या गाडीपुरते तरी नाही. परीक्षेपुरते पाठांतर करून गुण मिळवावेत आणि विषय मात्र तसाच राहावा, तशातली ही गत. मोजमाप आणि मोजायची वस्तू या दोन गोष्टी वेगळ्या असतात, हे विज्ञानाच्या प्रत्येक प्रयोगात ध्यानात ठेवावे लागते.

तसे पाहिले तर युक्तीमागचे विज्ञान खरे होते. सपाट रस्त्यावर, घाई नसताना, समजूतदार चालक आपण होऊन लवकर वरचा गिअर टाकतो आणि पेट्रोल वाचवतो. चढ आला, गर्दी आली की तो खालचा गिअर निवडतो. संगणकाला वेग, तापमान आणि ॲक्सिलरेटर कळत होते; पुढचा चौक दिसत नव्हता. २०२० च्या नमुन्यापासून कॉर्व्हेटमध्ये हाताने बदलायचे गिअर उरले नाहीत. क्लचचे पायडळच गेले, आणि हा वादही मिटला.

करून पाहा

गिअरची सायकल मिळाली तर पुढच्या आणि मागच्या दंतचक्रांचे दाते मोजा. पुढच्या दात्यांना मागच्या दात्यांनी भागा. पायडळाच्या एका फेऱ्यात मागचे चाक किती फिरते ते कळेल. मग मोकळ्या मैदानात सर्वांत हलक्या गिअरमध्ये निघा आणि एकदम सर्वांत जड गिअर टाका. पायांना जे जाणवेल, तेच त्या इंजिनाला जाणवत होते.