पाटावरची उंबरखिंड

यंदा दिवाळीतल्या स्पर्धेच्या किल्ल्यात किल्लाच नाही! आपल्या खालापूर तालुक्यातली उंबरखिंड करतोय. फेब्रुवारी १६६१. घाट उतरून आलेल्या मुघल सरदार कारतलबखानाला शिवाजी महाराजांनी इथेच कोंडला, आणि त्याच्या सोबतच्या रायबाघन या स्त्री सरदाराने त्याला शरण जायचा सल्ला दिला. म्हणून मांडणी अशी: मुघल भरपूर, पण खाली अरुंद वाटेत, मावळे मोजकेच, वर झाडीत.

मातीच्या चित्रांना आधी पांढऱ्या रंगाचा हात. मग एकेक रंग सगळ्यांना एकदम: अंगरखे, पागोटी, ढाली. डोळे-मिशा शेवटी, शून्य नंबरच्या ब्रशने (मिशांपाशी माझा हात हमखास थरथरतो). हळीव पाच-सहा दिवस आधी पेरा. रान उगवल्याशिवाय गनिमी कावा कसला? रायबाघन बाजारात मिळाली नाही, ती शाडूची घरीच केली.