मालक शनिवारी लवकर उठतात

सकाळी ७.३०

डोळे उघडले की आधी खिडकीतून पाऊस बघायचा. घरच्या मैदानावर मॅच असलेल्या शनिवारी मला ही खोड लागली ती सप्टेंबर २०२४ पासून. त्या महिन्यात वँडल नदीचं पाणी आमच्या फुटबॉल क्लबच्या प्लाउ लेन मैदानात शिरलं, हिरवळीखालची जमीन खचली आणि भलामोठा खड्डा पडला. न्यूकॅसल युनायटेडशी लीग कपची मॅच आमच्याकडे व्हायची होती, ती त्यांच्या मैदानावर न्यावी लागली. न्यूकॅसलच्या मालकीत सर्वांत मोठा वाटा सौदी अरेबियाच्या सरकारी निधीचा. आमच्याकडे असा कुणी शेठ नाही. मग वर्गणी निघाली. लाखाच्या वर पौंड जमले आणि त्यात न्यूकॅसलच्या चाहत्यांचेही पैसे होते. हे सांगताना आमची मंडळी आजही हळवी होतात. मला तेव्हाही वाटलं होतं आणि आजही वाटतं, की एक खड्डा वर्गणीतून बुजेल, पण दर खेपेला वर्गणीची वही काढून व्यावसायिक क्लब चालत नाही.

आज आभाळ कोरडं आहे.

सकाळी १०

हेडन्स रोड स्टेशनवर उतरून पायी प्लाउ लेन. जिथे पूर्वी कुत्र्यांच्या शर्यती व्हायच्या, तिथे आता नऊ हजारांवर माणसं मावतील असं आमचं मैदान आहे, भोवती नव्या इमारती. एएफसी विम्बल्डन हा इंग्लंडच्या व्यावसायिक लीगमधला क्लब. त्यातले बहुसंख्य मताधिकार डॉन्स ट्रस्ट या चाहत्यांच्या संस्थेकडे आहेत आणि मी तिचा साधा सभासद. खेळाडू, प्रशिक्षक, ऑफिसातली माणसं पगारी आहेत. पण मॅचच्या दिवशी जी शंभर बारीकसारीक कामं निघतात, त्यातली बरीच आमच्यासारखे लोक फुकट करतात. माझ्याकडे सभासद-नोंदणीचं टेबल. शेजारी एक निवृत्त पोस्टमन, पलीकडे एक शाळेतल्या बाई. फॉर्मचा गठ्ठा, दोऱ्याने बांधलेली पेनं (न बांधलेली दुपारपर्यंत गायब होतात) आणि एक कार्ड मशीन, ज्याला नेमकी इथेच रेंज मिळत नाही. मग हात उंच करून ते धरायचं आणि समोरच्याने टाचा उंचावून कार्ड टेकवायचं. मालकी म्हणतात ती ही.

सकाळी ११

गावाकडून मामांचा फोन. मामा सहकारी साखर कारखान्याचे जुने सभासद. त्यांना माझा हा उद्योग समजावून सांगायला अजिबात वेळ लागला नव्हता; विम्बल्डन म्हटलं की टेनिस, एवढी एकच अडचण होती.

"सभासद आहेस म्हणतोस, तर दिवाळीला साखर किती मिळते?"

"साखर नाही मामा. उलट मॅचचं तिकीटसुद्धा विकत घ्यावं लागतं."

"मग कसला रे सभासद! डिव्हिडंड?"

"तोही नाही."

"आणि निवडणूक?"

"निवडणूक आहे."

"मग ठीक आहे," मामा म्हणाले.

मामांची गंमत सोडा, पण नातं खरं आहे. डॉन्स ट्रस्ट ज्या प्रकारची नोंदणीकृत संस्था आहे, तिची परंपरा १८४४ मध्ये रॉचडेलच्या विणकरांनी काढलेल्या दुकानापर्यंत जाते. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेला जो सहकारी साखर कारखाना उभा केला, त्याचंही मूळ तिथेच. एक सभासद, एक मत. टेबलाशी अधूनमधून कुणी तरी विचारतंच, की जास्त पैसे भरले तर मत जास्त का? नाही. लाख भर, मत एकच.

दुपारी १२.३०

गर्दी वाढते. हेडन नावाचा आमचा शुभंकर पोरांशी हात मिळवत फिरतो. आज एक बाप दोन मुलांना घेऊन आला. त्याला इतिहास हवा होता, म्हणून मी तो सांगितला. जुना विम्बल्डन क्लब १८८९ चा. १९८८ मध्ये त्यांनी एफए कपच्या अंतिम सामन्यात लिव्हरपूलला १-० ने हरवलं. १९९१ मध्ये स्वतःचं मैदान सुटलं आणि क्लब दुसऱ्याच्या मैदानावर भाडेकरू झाला. मालक नॉर्वेचे. त्यांना क्लब उचलून नव्वदेक किलोमीटरवरच्या मिल्टन कीन्सला न्यायचा होता. मे २००२ मध्ये फुटबॉल संघटनेने नेमलेल्या तिघांच्या आयोगाने दोन विरुद्ध एक मताने परवानगी दिली. चाहत्यांनी नवा क्लब काढणं हे खेळाच्या व्यापक हिताचं नाही, अशा अर्थाचा शेराही मारला.

लोकांनी तो शेरा वाचला आणि नवा क्लब काढला. विम्बल्डन कॉमनच्या माळावर निवड चाचणी ठेवली, तर दोनशेहून अधिक पोरं आली. जुलैत सटन युनायटेडशी पहिली मॅच झाली. आम्ही ४-० ने हरलो आणि बघायला ४,६५७ माणसं होती. नऊ वर्षांत पाच बढत्या मिळवून २०११ मध्ये क्लब पुन्हा फुटबॉल लीगमध्ये आला. २०१६ ला आणखी एक पायरी वर, २०२२ ला खाली, २०२५ ला वेम्ब्लीवर वॉलसॉलला हरवून परत वर.

बापाने फॉर्म भरला. धाकट्याने पेन पळवायचा प्रयत्न केला, पण दोरा होता.

दुपारी २

मॅचआधीचा तास वादासाठी राखीव असतो. विषय जवळपास ठरलेला : डिसेंबर २०१९. हे मैदान बांधताना सुमारे १ कोटी १० लाख पौंड कमी पडत होते. बाहेरच्या गुंतवणूकदारांना हिस्सा विकून खिंडार बुजवावं असा प्रस्ताव पुढे आला आणि सभासद खवळले. विकायचं नाही, आम्ही पैसे उभे करतो, असं म्हणून रोखे काढले. व्याज किती घ्यायचं हे रोखेधारकाने ठरवायचं, शून्यसुद्धा चालेल. ५० लाख पौंडांच्या वर जमले आणि नोव्हेंबर २०२० मध्ये मैदान सुरू झालं, तेही कोरोनामुळे रिकाम्या खुर्च्यांसमोर.

पोस्टमनदादा म्हणतात, यालाच मालकी म्हणतात. मी म्हणतो, खरं आहे, पण रोखे म्हणजे कर्ज. ते फेडावं लागतं, आणि फेडायला गेलेला पैसा मधल्या फळीतल्या खेळाडूवर खर्च होत नाही. शेठ असलेला क्लब तोटा झाला की शेठकडे बघतो. आम्ही तोटा झाला की चांगला पोरगा विकतो. डेव्हनमधला एक्सेटर सिटी २००३ पासून चाहत्यांच्या ताब्यात आहे. त्यांचं जुनं देणं फिटलं ते जानेवारी २००५ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडला ०-० रोखलं आणि फेरलढतीचे पैसे मिळाले तेव्हा. पुढे ऑली वॉटकिन्ससारखे घरचे खेळाडू घडवायचे आणि विकायचे, हाच त्यांचा धंदा. प्रामाणिक आहे, पण पिकलेलं दर वर्षी बाजारात न्यायचं म्हणजे आपल्या ताटात काय राहणार?

बाई म्हणाल्या, "बरी." एकच शब्द. बरी हा १८८५ चा क्लब. २०१८ च्या अखेरीस एका माणसाने तो एक पौंडाला घेतला आणि ऑगस्ट २०१९ मध्ये लीगने क्लबला बाहेर काढलं. आमच्याकडे असं एका सहीने होत नाही. सभासदांच्या मताशिवाय ट्रस्टला क्लबवरचा ताबा विकता येत नाही. या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि ते बाईंना माहीत आहे.

दुपारी ३

मॅच. बरोबरी. गोल आमचा आधी, त्यांचा शेवटच्या दहा मिनिटांत. याहून जास्त लिहिण्यासारखं काही नव्हतं.

एक मात्र सांगतो. इतर मैदानांवर संघ हरायला लागला की लोक मालकाच्या खुर्चीकडे तोंड करून शिव्या घालतात. इथे माझ्या मागचा माणूस उठला, "हे काय चाललंय!" म्हणून ओरडला आणि मग कुणाकडे बघून ओरडावं ते न सुचल्याने खाली बसला.

संध्याकाळी ५.३०

फॉर्म मोजले, खुर्च्या घड्या करून आत ठेवल्या, पेनं मोजली. एक कमी.

रात्री ९

जेवण झाल्यावर ट्रस्टची कागदपत्रं. सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका, ताळेबंद, संचालकपदाच्या उमेदवारांची निवेदनं. हे वाचन कंटाळवाणं आहे, आणि मालकीचं खरं काम हेच आहे. गाणी म्हणायला सगळे येतात, ताळेबंद वाचायला मोजके. बार्सिलोनाचे लाखाहून अधिक सभासद क्लबचे मालक आहेत, अध्यक्ष तेच निवडतात. तरीही २०२१ मध्ये कर्ज एक अब्ज युरोंच्या पुढे गेलं, मेस्सीला सोडावं लागलं आणि पुढच्या वर्षी टीव्ही हक्कांच्या उत्पन्नातला चौथा हिस्सा २५ वर्षांसाठी विकून टाकला. मालक सभासद असले तरी तिजोरी रिकामी होते, हे मामांच्या तालुक्यात कुणालाही सांगावं लागणार नाही. तिथे बुडालेले सहकारी कारखाने खासगी लोकांनी विकत घेतलेले त्यांनी पाहिलेत.

उलटी बाजूही मनात येते. पोर्ट्समथच्या चाहत्यांनी २०१३ मध्ये हजार-हजार पौंडांचे शेअर घेऊन मोडीत निघालेला क्लब वाचवला. चार वर्षांनी, संघ चौथ्या श्रेणीत अव्वल आला त्याच वर्षी, त्यांनीच बहुमताने तो डिस्नेचे माजी प्रमुख मायकल आयस्नर यांना विकला. २०२४ मध्ये पोर्ट्समथ दुसऱ्या श्रेणीत पोहोचला. आम्ही तिथवर अजून गेलेलो नाही. त्यांना कुणी गद्दार म्हटलं की मला राग येतो. विकायचं की नाही हे त्यांनी मत देऊन ठरवलं, आणि २००२ मध्ये विम्बल्डनच्या लोकांना नेमकं तेच करता आलं नव्हतं.

म्हणून माझा हिशेब असा : चाहत्यांच्या मालकीत क्लब हळू चालतो, गरीब राहतो, चांगले खेळाडू टिकत नाहीत आणि सभा लांबतात. हे सगळं मान्य करूनही, उद्या आमच्याकडे विक्रीचा ठराव आला तर माझं मत विरोधात पडेल. आणि तो बहुमताने मंजूर झाला, तर मी निकाल मान्य करीन.