पडलं, पाडलं आणि पडायलाय

लोहारा तालुक्यातल्या सास्तूरला कुणी कुणाला ‘काय करायलास?’ असं विचारलं, तर ‘काही नाही, जेवायलो’ असं उत्तर येतं. तिथलं पोर शिकायला पुण्याला गेलं की त्याची भाषा सुधारून द्यायला चारजण पुढे सरसावतात. ‘करायलास’ म्हणजे ‘करतो आहेस’चं बिघडलेलं रूप, हा त्यांचा समज.

तो चुकीचा आहे. ‘करायला लागलास’ यातलं ‘लाग’ बोलता बोलता झिजलं आणि उरलेला भाग प्रत्ययासारखा धातूला चिकटला. जायलो, जायलास, जायलाय, जायलेत अशी ही रूपं पुरुष, लिंग आणि वचन पाळत नेमाने चालतात. ‘पाऊस पडायलाय’ म्हणजे तो या घडीला पडतो आहे. ‘इथं पाऊस पडतो’ हे नेहमीचं सांगणं वेगळं. गंमत म्हणजे सुधारणारा स्वतः ‘करतोय’ म्हणतो, आणि तेही ‘करतो आहे’ झिजूनच झालेलं असतं!

उपसर्ग शब्दाच्या पुढे आणि प्रत्यय मागे, तिसरी जागाच नाही, हा दुसरा गैरसमज शाळेतल्या व्याकरणातून येतो. मराठीपुरतं ते बरंचसं खरं आहे. फिलिपिन्समधल्या टागालोग भाषेत मात्र प्रत्यय थेट शब्दाच्या पोटात शिरतो. ‘बिली’ हे विकत घेण्याचं मूळ. त्यात ‘उम्’ घातला की ‘बुमिली’, आणि वाक्याचा रोख घेणाऱ्यावर जातो. ‘इन्’ घातला की ‘बिनिली’, आणि रोख घेतलेल्या वस्तूवर. पहिलं अक्षर दुहेरी करून ‘बुमिबिली’ म्हटलं, तर खरेदी अजून चालू आहे. ती काल चालू होती की आज, हे क्रियापद सांगत नाही. काम पुरं झालं, चालू आहे की व्हायचं आहे, एवढंच ते दाखवतं. म्हणून त्याला भूतकाळ-वर्तमानकाळाच्या चौकटीत बसवायला गेलं की गोंधळ होतो.

मराठी धातूचं पोट अगदीच बंद आहे, असंही नाही. पडणे-पाडणे, मरणे-मारणे, तुटणे-तोडणे. इथे काही जोडलेलं नाही, आतला स्वर बदलला आहे (‘तोडणे’त तर व्यंजनही). तेवढ्याने कर्ता नवा येतो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या भूकंपात किल्लारीबरोबर सास्तूरचीही वाताहत झाली. त्या भागात ‘घर पडलं’ म्हटलं की कारण विचारावं लागत नाही. ‘घर पाडलं’ म्हटलं की ‘कुणी?’ हा प्रश्न लगेच उभा राहतो.

‘व’ची करामत याहून न्यारी. ‘शिकणे’चं ‘शिकवणे’ झालं की एकाचं काम दुसऱ्याकडून होतं. पण ‘मला बघवत नाही’ म्हणताना तोच ‘व’ कुणाकडून काही करवून घेत नाही, फक्त सोसण्याची ताकद मोजतो. सास्तूरपासून फार लांब नसलेल्या सीमेपलीकडे, कन्नडमध्ये, करवून घेण्याचं काम ‘इसु’ करतो: ‘माडु’ म्हणजे कर, ‘माडिसु’ म्हणजे करव.

उपसर्ग सगळे संस्कृतातून आले, हाही समज टिकत नाही. ‘गैरसमज’ हाच शब्द बघा. त्यातला ‘गैर’ अरबी, फारसीच्या वाटेनं आलेला, आणि ‘समज’ घरचा. ‘बेभान’मधला ‘बे’ फारसी. ‘गैरसोय’, ‘बेइमान’ म्हणताना कुणाचीही जीभ अडखळत नाही.

परक्या शब्दांनी व्याकरण बुडतं, ही भीतीही जुनीच. टागालोगनं ‘टेक्स्ट’ला ‘नाग’ जोडून ‘नागटेक्स्ट’ केलं, म्हणजे मोबाइलवरून संदेश पाठवला. मराठीनं बँकेला नेमकं तेच केलं, जे तिनं वाटेला केलं होतं: वाट-वाटेत, बँक-बँकेत. सामान्यरूप होताना शब्द कुठून आला, हे तिनं विचारलं नाही.