शब्द कोणाचा, नाव कोणाचे?

परांडा तालुक्यातले सोनारी हे काळभैरवनाथाचे ठाणे. चैत्रात इथे यात्रा भरते आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांतून भाविक येतात. या मुलखाला तालावर बोलणारी माणसे परकी नाहीत. तुळजापूरची भवानी याच जिल्ह्यातली, त्यामुळे संबळाच्या ठेक्यावर रात्र जागवणारा गोंधळी हा इथल्या घराघरांतल्या मंगलकार्याचा मानकरी. शेजारच्या बार्शीत शाहीर अमर शेख जन्मले. आज इथल्या पोरांच्या मोबाइलवर रॅप वाजते आणि ‘हे बाहेरचे खूळ’ म्हणून मोठी माणसे कपाळाला आठ्या घालतात. पण रॅपच्या दुनियेतले एक जुने भांडण समजून घेतले, तर ते आपल्याही दारातले आहे हे लक्षात येते.

11 ऑगस्ट 1973 रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, सेज्विक अव्हेन्यूवरच्या 1520 क्रमांकाच्या इमारतीत कूल हर्क या तरुणाने बहिणीच्या पार्टीत तबकड्या वाजवल्या. रॅप ज्या हिपहॉपचा भाग, त्याचा जन्म त्या रात्रीचा मानतात. पुढची सहा वर्षे ही कला गल्लीत, जत्रेसारख्या गर्दीत आणि हातोहात फिरणाऱ्या कॅसेटींवर वाढली. त्या गर्दीत कर्टिस ब्राउन नावाचा पोरगा ‘ग्रँडमास्टर कॅझ’ म्हणून गाजत होता. त्याच्या वहीत यमकांचा खजिना होता.

कॅझच्या गटाची व्यवस्था पाहणारा हँक न्यू जर्सीतल्या एका पिझ्झाच्या दुकानात काम करी. तिथे कॅसेट लावून तो कॅझच्या ओळी म्हणत असताना ‘शुगर हिल’ कंपनीच्या सिल्व्हिया रॉबिन्सन यांनी ऐकले आणि त्याला ध्वनिमुद्रणासाठी उचलले. हँकने कॅझची वही मागून घेतली. 1979च्या सप्टेंबरात ‘रॅपर्स डिलाइट’ बाजारात आले आणि अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत 36व्या क्रमांकापर्यंत चढले. रॅप हे नाव जगाला कळले ते या गाण्यामुळे.

घाई अशी की हँकने वहीतल्या ओळी बदलल्यासुद्धा नाहीत. कॅझचे जुने टोपणनाव ‘कॅसानोव्हा फ्लाय’. ते नाव एकेक अक्षर सुटे करून गाण्यात उच्चारले गेले आहे, आणि उच्चारतो मात्र हँक. मालकाचे नाव चोरीच्या मालावर कोरलेले राहिले. गाण्याची चाल ज्या ‘गुड टाइम्स’वर बेतली होती, त्याच्या नाइल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्स या संगीतकारांनी हरकत घेतली आणि गाण्यावर त्यांची नावे लागली. शब्द देणाऱ्या कॅझला नाव मिळाले नाही आणि पैसाही मिळाला नाही. तो ‘कोल्ड क्रश ब्रदर्स’बरोबर गात राहिला, 1983च्या ‘वाइल्ड स्टाइल’ चित्रपटात दिसला आणि उतारवयात ब्राँक्स-हार्लेममधून पर्यटकांना बसने फिरवत हिपहॉपचा इतिहास स्वतःच्या तोंडाने सांगू लागला. आपला वारसा राखायचा त्याने काढलेला मार्ग हाच: जिथे घडले तिथे उभे राहून सांगत राहायचे.

आपल्या पूर्वजांनी हा धोका फार आधी ओळखला होता. अभंगाच्या शेवटच्या चरणात तुकोबांचे नाव येते, लावणीच्या अखेरीस पठ्ठे बापूरावांचे येते. ही नाममुद्रा कवीच्या हौसेपुरती नव्हती. तुकोबांच्या काळी छापखाना नाही, ध्वनिमुद्रण नाही, गाणे एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाणार. अशा वेळी नाव छंदातच गुंफले की ते काढताना ओळ मोडते. वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षच्या श्रीधर कृष्णाजी कुलकर्ण्यांनी वतन सोडून तमाशाचा फड धरला आणि ‘पठ्ठे बापूराव’ हे नाव लावले. 1945मध्ये ते विपन्नावस्थेत गेले. हाती काही उरले नाही, पण लावण्या त्यांच्या नावावर राहिल्या.

रॅपची ‘बॅटल’, म्हणजे समोरासमोरचा शब्दांचा सामना, आपल्याला नवी वाटण्याचे कारण नाही. शाहिरांच्या कलगी-तुऱ्यात हेच होते: कलगीवाले शक्तीचा पक्ष घेणारे, तुरेवाले शिवाचा. एकाने डफावर थाप मारून कूट प्रश्न टाकायचा, दुसऱ्याने तिथेच उभ्याउभ्या कवनातून उत्तर द्यायचे. शाहिराचा दम संपत आला की मागचे झीलकरी शेवटचा शब्द उचलतात, ‘जी जी रं जी’ची झील धरतात आणि तेवढ्या अवधीत शाहीर पुढची ओळ जुळवतो. रॅपरच्या मागे उभा राहून ओळीचा शेवट उचलणारा साथीदार नेमके हेच काम करतो.

सुरुवातीला उल्लेखलेले अमर शेख याच शाहिरी परंपरेतले; जन्म 1916चा. मोटारीवर क्लीनर झाले, गिरणीत राबले आणि संपात उतरले. 1944मध्ये अण्णा भाऊ साठे व द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड गाजली. शब्द अण्णा भाऊंचे, पहाडी आवाज अमर शेखांचा. एकाचे श्रेय दुसऱ्याने गिळले नाही. 1969मध्ये अपघातात अमर शेखांचे निधन झाले. मुंबई विद्यापीठात त्यांच्या नावाचे अध्यासन आहे.

हाच सचोटीचा धागा आजच्या काही रॅपरांनी धरला आहे. मुंबईच्या ‘स्वदेशी’ गटात एमसी मवाली मराठीत रॅप करतो. आरेच्या जंगलासाठी 2019मध्ये या गटाने ‘द वारली रिव्होल्ट’ केले, तेव्हा आरेतल्या पाड्यावरचे प्रकाश भोईर यांचा आवाज त्यांच्या नावानिशी गाण्यात आला. लोकगीत ‘पारंपरिक’ या एका शब्दाखाली बेवारस करून वापरण्याची वाट त्यांनी घेतली नाही.

कायदाही कवीच्या बाजूने आहे. 1957च्या कॉपीराइट कायद्यात रचना झाली की हक्क जन्मतो. नोंदणी सक्तीची नाही. कलम 57 प्रमाणे, हक्क विकले तरी ‘हे माझे’ म्हणण्याचा अधिकार रचनाकाराकडेच राहतो. 2012च्या दुरुस्तीने गीतकाराला स्वामित्वधनाचा वाटा आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्यालाही आपल्या नावाचा हक्क दिला. पण हक्क शाबीत करायला पुरावा लागतो. कॅझकडे वही होती, कॅसेटी होत्या, गाण्यात कोरलेले स्वतःचे नावही होते. तरी त्याला जन्मभर सांगत फिरावे लागले. ज्याच्या ओळी फक्त कंठात आहेत, त्या म्हाताऱ्या गोंधळ्याचे काय होईल?

म्हणून सोनारी-परांड्याच्या तरुणांना एकच सांगणे. रॅप जरूर करा. तो तुमचाच वारसा आहे. पण येत्या चैत्रात यात्रेला जाल तेव्हा जुना शाहीर, गोंधळी, वाघ्या जो भेटेल त्याचे गाणे मोबाइलवर मुद्रित करा, आणि सुरुवातीलाच त्याच्या तोंडून नाव, गाव, गुरू आणि रचना कोणाची हे वदवून घ्या. त्यातली ओळ आपल्या गाण्यात घेतलीत, तर ते नाव तुमच्या नावाआधी लावा.